विद्यार्थ्यांचा दवाखाना आणि तिसरा मजला

परवा परवापर्यंत आमच्या पुतण्याच्या घरी एकच शोधाशोध चालली होती. त्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, पुढच्या शिक्षणासाठी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला निघाली. विद्यापीठाने प्रवेश दिला, पण पाठोपाठ एक यादीही पाठवली. गोवराची लस घेतली होती का, गालगुंडाची, कांजिण्यांची, धनुर्वाताची? क्षयाची तपासणी? सगळ्याचे पुरावे हवेत. तिचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शेवटी ट्रंकेत सापडलं, बारशाच्या पत्रिकेच्या घडीत. एका कोपऱ्याला कसर लागलेलं, पण तारखा वाचता येत होत्या. पुतण्या वैतागून म्हणाला, "काकू, ही कॉलेजात चाललीय की दवाखान्यात?"

त्याने ते चिडून म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे 'हे मुळात सुरू कधी झालं' असा प्रश्न मला उगीचच पडत असतो. विद्यापीठाने स्वतःचा दवाखाना का चालवावा? डॉक्टर गावात नसतात का? शोधायला लागले आणि बघता बघता दोन महिने त्यातच गेले. शेवटी अशा ठिकाणी येऊन पोचले की जिथे मला माझ्याच शाळेचा जिना दिसायला लागला. त्याबद्दल पुढे सांगतेच.

सुरुवात बर्कलीची नाही. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲम्हर्स्ट नावाचं कॉलेज आहे. तिथले अध्यक्ष स्टर्न्स यांना एका गोष्टीने अस्वस्थ केलं होतं. चांगली हुशार मुलं अभ्यास करता करता खचत होती, काही घरी परत जात होती, काही दगावतही होती. १८६० साली त्यांनी कॉलेजात आरोग्य आणि व्यायाम असा एक स्वतंत्र विभागच काढला आणि १८६१ साली तिथे एडवर्ड हिचकॉक नावाचे डॉक्टर प्राध्यापक म्हणून आले. ते त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, त्यांचे वडील तिथले माजी अध्यक्ष. आले ते १९११ साली वारले तेव्हापर्यंत, म्हणजे तब्बल ५० वर्षं, तिथेच राहिले. मुलं त्यांना 'ओल्ड डॉक' म्हणत.

हे हिचकॉक मुलांना शरीरशास्त्र शिकवत, आजारी पडलं तर बघत, आणि पियानोच्या तालावर लाकडी डंबेल्स घेऊन सगळ्या वर्गाकडून व्यायाम करून घेत. शिवाय प्रत्येक मुलाची उंची, वजन, छाती, दंड मोजून वहीत लिहून ठेवत. वर्षानुवर्षं! हे वाचताना मला हसू आलं. आमच्या शाळेतही वर्षातून एकदा आरोग्य तपासणी असायची. डॉक्टर यायचे, मुलं रांगेत उभी राहायची आणि रजिस्टर भरायला मी. 'उंची १३८, वजन २९, दात किडके.' मुलं उंची मोजताना टाचा उचलायची आणि मी दरडावायची. ते रजिस्टर पुढे कोणी उघडून बघितल्याचं मला आठवत नाही. हिचकॉक मात्र ते आकडे बघत होते, एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहत होते. एवढाच काय तो फरक. पण आता वाटतं, तो लहान फरक नव्हता.

आजारपणामुळे वर्ग चुकला तर मुलाला कारण दाखवावं लागे, आणि ते खरं की खोटं हे डॉक्टरच जाणे. म्हणजे सर्टिफिकेट! ज्याने ज्याने शाळेत नोकरी केली आहे त्याला या कागदाची महती सांगायला नको. ज्यांना मी दहावीत शिकवलं त्यातल्या निम्म्या पोरांच्या आज्या दर सहामाहीला एकदा वारत असत. पण विद्यार्थ्यांच्या डॉक्टरच्या हातातला हा कागद फार विलक्षण असतो. त्या एका कागदावर मुलाचं वर्ष वाचतं, नाहीतर जातं.

असो. ॲम्हर्स्टचं उदाहरण चांगलं असलं तरी सगळ्यांनी ते लगेच उचललं असं काही झालं नाही. चांगल्या उदाहरणापेक्षा माणूस भीतीने लवकर हलतो. ती भीती १९०३ साली आली.

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, तिथे कॉर्नेल विद्यापीठ. १९०३ च्या जानेवारीत तिथे विषमज्वराची, म्हणजे टायफॉईडची, साथ आली. गावाला खासगी कंपनी पाणी पुरवायची, तेही ओढ्याचं, न गाळता. त्याच ओढ्यावर धरणाचं काम चाललं होतं. साधारण १३,००० वस्तीच्या गावात सुमारे १३५० माणसं आजारी पडली, ८२ गेली. त्यांत कॉर्नेलचे २९ विद्यार्थी होते. विद्यापीठाच्या आवारातलं पाणी वेगळं होतं. मेली ती बहुतेक गावातल्या खोल्यांत राहणारी, खाणावळीत जेवणारी, गावच्या नळाचं पाणी पिणारी मुलं. शेकडो मुलं घाबरून घरी पळाली. विद्यापीठाकडे एका श्रीमंताच्या वाड्यात थाटलेलं छोटं रुग्णालय होतं, ते कुठे पुरणार? मुलांच्या उपचाराचा खर्च आणि विद्यापीठाला पाणी गाळण्याची सोय, हे पुढे ॲन्ड्र्यू कार्नेगींनी दिलं. साथ आटोक्यात आणायला आलेले तज्ज्ञ जॉर्ज सोपर म्हणजे तेच, ज्यांनी काही वर्षांनी 'टायफॉईड मेरी' म्हणून गाजलेल्या स्वयंपाकिणीचा माग काढला.

पुण्यात शिकलेल्या आपल्या पिढीने हे वाचताना जरा थांबावं. आपणही कॉट बेसिसवर राहिलो, डबे लावले. खोलीवरचं पाणी कुठून येतं हे कॉलेजने कधी विचारलं? 'फाटकाच्या बाहेर आमची जबाबदारी नाही' हे वाक्य किती सोयीचं आहे. इथाकात २९ पोरं गेल्यावर ते म्हणणं अवघड झालं.

आता बर्कली. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला, मागोमाग आगी लागल्या आणि खाडीपलीकडच्या बर्कलीत निर्वासितांचे लोंढे आले. विद्यापीठाच्या मैदानांवर राहुट्या पडल्या. त्याच वर्षी तिथे विद्यार्थ्यांचा दवाखाना सुरू झाला. डॉक्टर होते जॉर्ज राइनहार्ट. त्यांची योजना ऐकायला अगदी साधी वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने दर सत्राला ठरावीक लहानशी रक्कम भरायची, सक्तीने. मग जो आजारी पडेल त्याला डॉक्टर, औषध, खाट हे सगळं त्यातूनच. वेगळं बिल नाही. आपल्याकडच्या भिशीची आठवण होते, पण भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे ज्याचा लागला नाही तो नशीबवान! नातीच्या फीच्या पावतीवर जी आरोग्याची रक्कम दिसते, तिचं मूळ हे.

राइनहार्ट १९१४ साली अकालीच गेले. दोन लहान मुलं पदरात असलेली त्यांची पत्नी ऑरेलिया १९१६ साली जवळच्याच ओकलंडमधल्या मिल्स कॉलेजची अध्यक्ष झाली आणि १९४३ पर्यंत तिने ते कॉलेज चालवलं. या बाईंवर स्वतंत्र लिहायला हवं. बघू.

विद्यार्थ्यांचा डॉक्टर असणं हे गावातल्या डॉक्टरपेक्षा निराळं काम आहे, हे मला वाचता वाचता उमगत गेलं. आमच्या गावच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना बघितलं, यजमानांना बघितलं आणि माझ्या मुलांच्या मुलांनाही बघितलं. त्यांना घराण्याची नाडी ठाऊक. विद्यार्थ्यांच्या डॉक्टरकडे पेशंट येतो अठराव्या वर्षी आणि जातो बाविसाव्या वर्षी. पेशंट कधी म्हातारा होतच नाही! डॉक्टर दर वर्षी एका वर्षाने मोठा होतो आणि समोरचा कायम तेवढाच. आजार तरी कुठले? फ्लू, घसा, खेळताना मुरगळलेला पाय, घरची आठवण, परीक्षा जवळ आली की उडालेली झोप. शिक्षकांचंही थोडंफार असंच असतं म्हणा. छत्तीस वर्षं माझ्यापुढे चौदा-पंधरा वर्षांचीच मुलं होती. पण आईबाप जवळ नसलेला अठरा वर्षांचा मुलगा पोट दुखतंय म्हणून येतो, तेव्हा दुखतंय ते पोटच आहे की दुसरं काही, हे ओळखणारा माणूस लागतो.

१९३० साली या दवाखान्याला मोठी इमारत मिळाली. चुना-सिमेंटच्या धंद्यातल्या कॉवेल घराण्यातल्या अर्नेस्ट कॉवेल यांच्या देणगीतून ती उभी राहिली म्हणून नाव कॉवेल हॉस्पिटल. आणि आता मुख्य गोष्ट.

एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा. कॅलिफोर्नियातलाच, जन्म १९३९. खेळाडू मुलगा. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. साल्क यांची लस आली १९५५ ला. दोन वर्षांनी चुकली! मानेखाली जवळपास सगळं शरीर गेलं. डाव्या हाताची दोन बोटं आणि डाव्या पायाची दोन बोटं तेवढी हलत. श्वासही स्वतःचा घेता येईना. झोपायला 'लोखंडी फुप्फुस' लागे, म्हणजे एक मोठं नळकांडं. माणसाला मानेपर्यंत आत घालायचं आणि यंत्राने हवेचा दाब कमीजास्त करून त्याची छाती हलवायची. दिवसा काही तास तो बेडकासारखी हवा गिळून श्वास घ्यायला शिकला.

शाळा त्याने घरून, टेलिफोन जोडून पूर्ण केली. शेवटी शाळेने अडवलं. का, तर मोटार चालवायचा आणि शारीरिक शिक्षणाचा असे दोन विषय झालेले नाहीत! ज्याला बोट हलवता येत नाही त्याला पी.टी. मध्ये नापास! त्याची आई झोना शाळा मंडळापर्यंत जाऊन भांडली आणि दाखला मिळवला. मग तो जवळच्या कॉलेजात गेला, तिथून बर्कलीला अर्ज केला. अपंगांच्या पुनर्वसनाचं राज्याचं खातं होतं. त्याने मदत नाकारली, कारण हा मुलगा पुढे नोकरी करण्याच्या लायकीचा नाही. वर्तमानपत्रांत ओरड झाल्यावर ते वळले. विद्यापीठ म्हणालं, घेतलं असतं हो, पण ते लोखंडी फुप्फुस वसतिगृहाच्या खोलीत मावायचं कसं?

इथे आमच्या गोष्टीतला डॉक्टर येतो. विद्यापीठाच्या आरोग्य सेवेचे प्रमुख होते हेन्री ब्रुइन. पोलिओच्या रुग्णांमध्ये त्यांनी काम केलेलं होतं. साथीत सापडलेली कितीतरी मुलं आता कॉलेजच्या वयाची होऊन कुठे कुठे नुसती पडून आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या हातात तो कागद होता, ज्याबद्दल मी वर लिहिलं. 'वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य' एवढे दोन शब्द लिहिले असते तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. उलट सगळ्यांची सुटका झाली असती. त्यांनी म्हटलं, माझं हॉस्पिटल आहे ना, तिथे राहील. पेशंट म्हणून नाही हं, वसतिगृहात राहतात तसा विद्यार्थी म्हणून.

१९६२ च्या पावसाळ्यानंतर (त्यांच्याकडे पावसाळा नाही, पण मला महिना असाच आठवतो) एड रॉबर्ट्स कॉवेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. त्याच हंगामात तिकडे मिसिसिपीच्या विद्यापीठात जेम्स मेरिडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सैन्याच्या बंदोबस्तात प्रवेश मिळत होता. बर्कलीत सैन्य नव्हतं. एका पत्रात असहाय पंगू म्हणून बातमी आली तेवढंच. एडचा भाऊही तिथेच शिकत होता, तो आणि इतर मदतनीस खुर्ची ढकलत त्याला वर्गात नेत. १९६४ ला तो राज्यशास्त्रात बी.ए. झाला, १९६६ ला एम.ए. विजेवर चालणारी खुर्ची तो मोठ्या हौशीने चालवायला शिकला. कारण त्यानेच सांगितलंय: तो प्रेमात पडला आणि भेटायला जाताना खुर्ची ढकलणारा तिसरा माणूस बरोबर नकोसा झाला!

पुढच्याच वर्षी, १९६३ ला, जॉन हेस्लर आला. पाण्यात सूर मारताना मान मोडलेला हा मुलगा त्याआधी एका सरकारी रुग्णालयात पडून होता. मग आणखी आले. १९६९ च्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर दहा-बारा जण झाले. रात्र रात्र गप्पा. त्यांनी स्वतःला नाव घेतलं 'रोलिंग क्वाड्स', म्हणजे चारही हातपाय गेलेले, चाकांवर फिरणारे. मदतनीस कोण ठेवायचा, कोणाला काढायचं, कुठल्या वेळी झोपायचं, हे आपलं आपण ठरवायला शिकले. बर्कलीचा तो काळही तसलाच होता. १९६४ ला भाषणस्वातंत्र्याचं आंदोलन झालं, १९६९ च्या मे महिन्यात तर हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडला गेला आणि तो वाऱ्याबरोबर या हॉस्पिटलापर्यंत पोचला. खाली मुलं मोर्चे काढत होती आणि वर खिडकीतून ही मुलं बघत होती.

मग त्यांचं स्वतःचं भांडण उभं राहिलं. राज्याच्या पुनर्वसन खात्याची एक समुपदेशक तिथे नेमली होती. तिला दोन मुलांची प्रगती समाधानकारक वाटेना, तेव्हा तिने त्यांना तिथून काढायचं ठरवलं. सगळे एक झाले, वर्तमानपत्रांकडे गेले, आणि शेवटी बदली झाली ती तिची.

मला यातली खरी गोम वेगळी वाटते. या मुलांना हॉस्पिटलने दार उघडून दिलं, आणि त्या हॉस्पिटलातून बाहेर पडायचं हे त्यांचं पुढचं ध्येय ठरलं. ते म्हणाले, आम्ही आजारी नाही. पोलिओ होऊन गेला, मान मोडून गेली, आता आम्ही फक्त चाकांवर आहोत. आम्हाला डॉक्टर नको, उतरण हवी, मदतनीस हवा, खुर्ची बिघडली तर रात्री दुरुस्त करणारा माणूस हवा. १९७० साली त्यांनी विद्यापीठातच अपंग विद्यार्थ्यांसाठी असा विभाग काढला, अपंगांनीच चालवलेला. खुर्च्या दुरुस्त करणं हे त्याचं एक मोठं काम होतं. १९७२ ला गावात 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' निघालं. बर्कलीच्या फुटपाथांच्या कडा उतरत्या झाल्या. आज तिथे बायका बाबागाड्या घेऊन त्यावरून जातात. १९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्सना राज्याच्या पुनर्वसन खात्याचं संचालक केलं. होय, तेच खातं, ज्याने नोकरीच्या लायकीचा नाही म्हणून शेरा मारला होता. १९९५ साली ते गेले.

ब्रुइन यांना याचं वाईट वाटलं असेल का, असा विचार माझ्या मनात आला. आपण ज्यांना आसरा दिला तीच मुलं म्हणतात, दवाखाना नको. पण दहावीची मुलं शाळा सोडून जातात तेव्हा शिक्षकाला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण गेली नाहीत तर जास्त वाटतं!

आता माझा जिना.

१९७९ सालची गोष्ट. आमच्या शाळेची इमारत दुमजली, वर जायला बावीस पायऱ्या. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पोलिओने दोन्ही पाय गेलेले. आठवीपर्यंत वर्ग खाली होता. थोरला भाऊ पाठुंगळी घेऊन यायचा आणि बाकावर बसवून जायचा. नववीचे वर्ग वर. त्याच वर्षी भाऊ मुंबईला गिरणीत लागला. जूनमध्ये मुलगा काही दिवस आला, हातांवर जोर देत एकेक पायरी चढायचा. वरती पोचेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला असे. मग यायचा बंद झाला. मी वर्गशिक्षिका. मी मुख्याध्यापकांना एकदा म्हटलं, नववीचा वर्ग खाली घेता येईल का? ते म्हणाले, एका मुलासाठी सगळं वेळापत्रक कशाला हलवायचं. मी गप्प बसले. नोकरी नवी होती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा नोकरीत कायम होऊन मला चार वर्षं झाली होती.

खाली पाचवीचे तीन वर्ग होते. पाचवीची पोरं दिवसातून दहा वेळा तो जिना पळत चढायची-उतरायची, कारण नसताना. एक पाचवी वर आणि एक नववी खाली. बाकं हलवायला गड्याला अर्धा तास लागला असता. हे मला कळायला बर्कलीची गोष्ट वाचावी लागली असं नाही. कळत होतं तेव्हाही.

त्या मुलाने पुढे दहावीची परीक्षा बाहेरून दिली. आज त्याचं गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, हल्ली मोबाईलही दुरुस्त करतो. पोलिओ मात्र आपल्या देशातून गेला. १९९५ पासून रविवारी बूथ लावून डोस पाजले, त्या बूथवर मीही बसले आहे. शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. कॉवेलची इमारतही आता नाही. १९९३ साली ती पाडली आणि त्या जागी व्यवसाय व्यवस्थापनाचं महाविद्यालय उभं राहिलं. विद्यार्थ्यांचा दवाखाना त्याच वर्षी टँग सेंटर नावाच्या नव्या इमारतीत गेला. नात तिथे जाऊन आली, क्षयाच्या तपासणीसाठी. फोटो पाठवला आहे.

गेल्या आठवड्यात माझा रेडिओ खरखरत होता म्हणून त्याच्या दुकानात गेले. बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. 'बाई' म्हणूनच बोलतो अजून. मी त्याला एड रॉबर्ट्सची सगळी गोष्ट सांगितली, अगदी लोखंडी फुप्फुसापासून. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून त्याने ऐकली. माझं सांगून झाल्यावर थोडा वेळ काही बोलला नाही. मग रेडिओचं मागचं झाकण बसवता बसवता म्हणाला, "बाई, तिसऱ्या मजल्यावर म्हणता... मग लिफ्ट असेल ना तिथे?"

मी म्हटलं, "असणारच रे."

"तेच म्हटलं," तो म्हणाला, आणि रेडिओ लावून बघितला.